म्हैसूरला नव्याने येणाऱ्यांसाठी: घर, पाणी, पीठ आणि कामापुरती कन्नड

म्हैसूरला बदली झाली किंवा नोकरी लागली, की आपल्याकडचे लोक पहिला प्रश्न विचारतात तो भाड्याचा. इथे पहिला प्रश्न पाण्याचा विचारा. भाडे बोलून कमी होते, मालक समजूतदार निघाला तर डागडुजीही होते. पण ज्या घराला कावेरीचे पाणी नाही त्या घरात ते आणून देणे मालकाच्याही हातात नसते. म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करू.

शहराला पाणी मुख्यतः कावेरीचे येते, काही भागांना कबिनीचे. बोलताना दोन्हींना लोक ‘कावेरी नीरु’ म्हणतात. सरस्वतीपुरम, जयलक्ष्मीपुरम, गोकुळम, कुवेंपुनगर, व्ही. व्ही. मोहल्ला अशा जुन्या, वसलेल्या भागांत त्याची फारशी काळजी नसते. रिंगरोडच्या आसपास आणि त्याबाहेर नव्याने पडलेल्या लेआउटमध्ये मात्र एक गल्ली कावेरीची आणि पुढची बोअरवेलची, असे सर्रास असते. जाहिरातीत ‘चोवीस तास पाणी’ लिहिलेले असेल, तर ते बोअरचे की नळाचे हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. मालकाला विचारा, आणि शेजारच्या घरातही विचारा: ‘कावेरी नीरु बरुत्ता?’ येते का, आणि किती दिवसांआड येते.

घर बघायला गेल्यावर फाटकाजवळ जमिनीत लोखंडी झाकण दिसेल. तो संप, म्हणजे जमिनीखालची टाकी. नळाचे पाणी आधी संपात पडते, तिथून मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि मग घरात येते. वर-खाली मिळून तीन बिऱ्हाडे आणि संप एकच, ही इथली नेहमीची रचना. भांडणाचे मूळही तेच. मोटारीचे बटण कोणाकडे, तिची वीज कोणाच्या मीटरवर आणि संप वर्षातून किती वेळा धुतला जातो, हे तीन प्रश्न आधीच विचारून करारात लिहून घ्या. बऱ्याच घरांत स्वयंपाकघरात किंवा मागच्या अंगणात एक नळ थेट रस्त्याच्या लाइनवर असतो आणि बाकीचे टाकीवर, ज्यात बोअरचे पाणी मिसळलेले असते. थेट लाइनचा नळ कोणता ते विचारून पिण्याचे आणि डाळ-तांदळाचे पाणी तिथूनच भरा. बोअरचे पाणी ओळखायला सोपे असते: नळाच्या तोंडाशी पांढरा थर, साबणाला फेस नाही, आणि तूरडाळ चार शिट्ट्यांनंतरही दाताखाली येते. अशा घरात गिझरची कॉइल लवकर जाते. पिण्यापुरते पाणी हवे असेल तर बहुतेक वस्त्यांत नाणे टाकून वीस लिटर शुद्ध पाणी देणारी सरकारी केंद्रे आहेत. वीस लिटरचा कॅन आपला न्यायचा.

गच्चीवर सौर हीटर बहुतेक घरांना आहे. तो किती लिटरचा आणि किती बिऱ्हाडांत वाटलेला, हे विचारा. दोनशे लिटरच्या हीटरवर दोन घरे असतील तर उशिरा उठणाऱ्याच्या वाट्याला कोमट पाणी येते. शिवाय जून ते ऑगस्ट सलग ढगाळ असतात. त्या दिवसांसाठी गिझरचा पॉइंट आहे का ते पाहून घ्या.

वर्तमानपत्रात पावसाळ्याच्या दिवसांत कृष्णराजसागर धरणाची पातळी छापून येते. पूर्ण भरले की १२४.८० फूट. तो आकडा वाचायची सवय लावा. शहराचा उन्हाळा त्यावरून कळतो. हे धरण ज्यांच्या नावाशी जोडले गेले ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यात अभियांत्रिकी शिकले, आणि त्यांनी घडवलेले स्वयंचलित दरवाजे आधी खडकवासल्याला बसले. पुण्याहून येणाऱ्याने इथल्या माणसाला एवढे सांगितले तरी ओळख वाढते.

भाडे आणि भोग्य

घर शोधताना ऑनलाइन जाहिरातींवर थांबू नका. हव्या त्या भागात सकाळी दोन तास पायी फिरा. फाटकावर ‘मने बाडिगेगे इदे’ किंवा ‘टू लेट’ अशा पाट्या दिसतात आणि मालक बहुधा खालच्या मजल्यावरच राहत असतो. मध्ये दलाल नसला तर एका महिन्याचे भाडे वाचते. शाकाहारी कुटुंबच हवे अशी अट अनेक मालकांची असते. ती पाटीवर नसली तरी पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा. लपवून राहायला गेलेल्यांना सहा महिन्यांत सामान बांधावे लागते आणि दरम्यान स्वतःच्याच घरात चोरून जेवावे लागते. दोन्ही टाळता येण्यासारखे आहे.

अनामत साधारण पाच ते दहा महिन्यांच्या भाड्याएवढी मागतात. महाराष्ट्रातून येणाऱ्याला हा आकडा मोठा वाटतो, पण इकडची पद्धत तीच आहे. बोलून कमी होऊ शकते, विशेषतः घर दोन-तीन महिने रिकामे असेल तर. सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापून घेण्याची रीत आहे. तुम्ही एक वर्ष राहा की पाच, ते कापलेच जाते. म्हणून दोन वर्षांच्या आत सोडले तर किती आणि नंतर किती, हे करारातच ठरवा. करार अकरा महिन्यांचा, ई-स्टँपवर. राहायला जाताना भिंती, नळ, स्विच आणि पंखे यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवून ठेवा.

दुसरी पद्धत नव्या माणसाला गोंधळात टाकते: भोग्य. बोलताना तिला ‘लीज’ म्हणतात. एकदम काही लाख रुपये मालकाला द्यायचे, दोन किंवा तीन वर्षे दरमहा भाडे न देता राहायचे आणि सोडताना पूर्ण रक्कम परत घ्यायची. ज्याच्या हाती एकरकमी पैसे आहेत त्याला हे आकर्षक वाटते, आणि चांगला मालक असेल तर खरोखर परवडतेही. बिघडते ते दोन ठिकाणी. एक म्हणजे, मालकाने घरावर कर्ज काढलेले असते आणि हप्ते थकलेले असतात. बँकेने घराचा ताबा घेतला तर तुमचे पैसे मालकाकडे आणि तुम्ही रस्त्यावर. दुसरे, तुमचे पैसे मालकाने केव्हाच खर्च केलेले असतात आणि पुढचा भोग्यदार सापडल्याशिवाय तो ते परत करू शकत नाही. म्हणून पैसे देण्याआधी उपनिबंधक कार्यालयातून किंवा सरकारच्या कावेरी संकेतस्थळावरून घराचे ईसी, म्हणजे बोजा आहे की नाही याचा दाखला, किमान तेरा वर्षांचा काढा. ईसीत न दिसणारे कर्जही असू शकते, म्हणून मूळ खरेदीखत डोळ्यांनी पाहा; ते बँकेत ठेवले आहे असे उत्तर आले तर भोग्याचा विचार सोडा. व्यवहार नोंदणीकृत करा, रक्कम फक्त बँकेतून द्या, आणि सोडायच्या तीन महिने आधी लेखी कळवा. नवख्या माणसाने पहिली दोन वर्षे साध्या भाड्यानेच राहावे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

घराची चावी मिळण्यालाही मुहूर्त लागतो. आषाढात नव्या घरात जायचे नाही, पौषात, म्हणजे इथल्या शून्यमासातही नाही, असे मानणारे मालक पुष्कळ. जूनअखेरीस रुजू होणाऱ्याने आषाढ कधी लागतो ते कॅलेंडरात पाहून त्याआधीच घर ताब्यात घ्यावे. महिने आपल्यासारखेच अमान्त आहेत, त्यामुळे आपलेच कॅलेंडर चालते. पहिल्या दिवशी दूध उतू घालवायला मालकीणबाई सांगतील. त्याला ‘हालु उक्किसोदु’ म्हणतात. नवे पातेले, अर्धा लिटर दूध आणि पूर्वेकडे तोंड. दूध उतू गेले की त्यात साखर घालून मालकांच्या घरी एक वाटी नेऊन द्या. पुढच्या दोन वर्षांचे संबंध त्या वाटीवर उभे राहतात, हे अतिशयोक्तीने म्हटलेले नाही. वरच्या मजल्यावरच्या माणसाला खालच्याची गरज रोज लागते.

कोणत्या भागात राहायचे हे कामाच्या जागेवरून ठरवा. हेब्बाळ, मेटगळ्ळी, कूर्गळ्ळी या औद्योगिक पट्ट्यात किंवा तिथल्या इन्फोसिसच्या आवारात नोकरी असेल तर विजयनगर, गोकुळम, हेब्बाळ. नंजनगूडच्या कारखान्यांत असेल तर जे. पी. नगर, श्रीरामपुरा, विद्यारण्यपुरम. विद्यापीठ किंवा सीएफटीआरआय या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेसाठी सरस्वतीपुरम, कुवेंपुनगर. शहर मध्यम आकाराचे आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला फार तर पाऊण तास लागतो. तरी रोज मध्यवर्ती भागातून आरपार जायची वेळ येऊ नये असे घर निवडा. चामुंडी डोंगराच्या पायथ्याला घर सुंदर, हवा थंड. पण तिथे माकडे खिडकीतून आत येतात आणि कडेच्या वस्त्यांत बिबट्या दिसल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. लहान मुले असतील तर हे ध्यानात घ्या.

जमीन घ्यायची घाई करू नका. इथे प्लॉटला ‘साइट’ म्हणतात. मापे फुटांत: २० × ३०, ३० × ४०, ४० × ६०. पूर्वाभिमुख साइट महाग. आपल्या सातबाऱ्याच्या जागी इथे ‘पहाणी’ किंवा आरटीसी, आणि शहरी मालमत्तेला ‘खाता’, म्हणजे पालिकेकडची मालमत्तेची नोंद, लागतो. प्राधिकरणाची मंजुरी असलेले लेआउट आणि शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेली ‘रेव्हेन्यू साइट’ यांच्या किमतीत मोठा फरक असतो, आणि रेव्हेन्यू साइट स्वस्त पडते ती नेमकी मंजुरी नसल्याने. ए-खाता आणि बी-खाता यांतला फरक वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय टोकन देऊ नका.

वीज आणि कागदपत्रे

वीज चेस्कॉमची. बिलावर आर. आर. नंबर असतो, म्हणजे आपला ग्राहक क्रमांक. दोनशे युनिटपर्यंत घरगुती वीज मोफत देणाऱ्या गृहज्योती योजनेचा लाभ भाडेकरूलाही मिळतो. भाडेकरार आणि आधार घेऊन सेवासिंधू या सरकारी संकेतस्थळावर आपले नाव त्या आर. आर. नंबरला जोडायचे. नेहमी अडते ते असे, की आधीच्या भाडेकरूचे आधार अजून त्या मीटरला जोडलेले असते. ते काढून टाकण्याची सोय आहे. घर घेतानाच मालकाला ते करायला सांगा. मोफत म्हणजे सरसकट दोनशे युनिट नव्हेत: त्या मीटरच्या आधीच्या सरासरी वापरावर थोडी ठरावीक वाढ, एवढेच मोफत, त्यावरच्या युनिटचे पैसे भरावे लागतात आणि दोनशे ओलांडले तर पूर्ण बिल. आधीचा वापरच नसलेल्या घराला राज्याची सरासरी धरतात, ती ५३ आणि वर दहा टक्के, म्हणजे ५८ युनिट.

आधारवरचा पत्ता लवकर बदलून घ्या. बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवास देणारी शक्ती योजना जून २०२३ पासून आहे, पण ती कर्नाटकचा पत्ता असलेल्यांनाच. महाराष्ट्राचे आधार दाखवले तर कंडक्टर तिकीट फाडणारच, त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही.

गाडी आणली असेल तर बारा महिन्यांच्या आत नोंदणी बदलावी लागते. आधी मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचेही पत्र. मग इथे गाडीच्या वयानुसार आजीव कर भरून नवा क्रमांक: पश्चिम म्हैसूरला केए ०९, पूर्वेला केए ५५. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळतो, पण तो मूळ आरटीओत स्वतंत्र अर्ज केल्यावर आणि नव्या नोंदणीची प्रत जोडल्यावरच. बहुतेक लोक हा अर्ज करायचे विसरतात. दोन-तीन वर्षांतच परत जायचे असेल आणि नोकरी बीएच मालिकेला, म्हणजे राज्य बदलले तरी चालणाऱ्या नोंदणीला, पात्र असेल तर तो पर्याय आधी पाहा.

बोलायची कन्नड

हिंदी-इंग्रजीवर म्हैसुरात राहता येते, पण भाजीवाली, मोलकरीण, नळदुरुस्तीवाला आणि शेजारच्या आजी या चौघांशी नाही. मराठी माणसाला कन्नड इतरांपेक्षा सोपी जाते. अक्का, अण्णा, अज्जी, तुप्प, चिल्लरे हे कानावर पडताच कळतात. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो; इथेही ‘होग्बर्तीनि’, म्हणजे जाऊन येते. हे एक वाक्य नीट जमले की समोरच्याचा चेहराच बदलतो.

पहिल्या महिन्यात एवढे पाठ करा. ‘बेकु’ हवे, ‘बेडा’ नको, ‘साकु’ पुरे, ‘एष्टु’ किती, ‘कोडि’ द्या. ‘ननगे कन्नड स्वल्प स्वल्प बरत्ते, निधानवागि हेळि’: मला कन्नड थोडी थोडी येते, सावकाश सांगा. क्रियापदाच्या शेवटच्या इकारात आदर आहे. ‘बा’ म्हणजे ये, ‘बन्नि’ म्हणजे या. आपल्या कानाला ‘बा’ सोपे वाटते आणि तेच तोंडात बसते, मग वयस्कर रिक्षावाल्याला आपण ‘ए, ये’ म्हणून बसतो. शंका असेल तेव्हा इकार लावा. पुरुषांना ‘अण्णा’ किंवा ‘सार’, बायकांना ‘अक्का’, वयस्कर बाईला ‘अम्मा’. हुबळी-धारवाडकडून आलेल्यांना सवय असलेला ‘री’ इथे फार ऐकू येत नाही.

सकाळी कोणी ‘तिंडि आयता?’ आणि दुपारी ‘ऊट आयता?’ विचारले, म्हणजे नाश्ता झाला का, जेवण झाले का, तर ती चौकशी नव्हे, रामराम आहे. उत्तर ‘आयतु, निम्दु?’ एवढेच. नाही झाले असे खरे उत्तर दिले तर समोरची बाई तुम्हाला घरात बसवून वाढेल.

१ नोव्हेंबरला राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापनादिन असतो, चौकाचौकात लाल-पिवळे ध्वज लागतात. सीमाप्रश्नावर तुमचे मत काहीही असो, इथल्या शेजाऱ्याचा तो सणाचा दिवस आहे, तसाच तो समजून वागा.

बाजार आणि स्वयंपाकघर

रोजची भाजी गल्लीतल्या गाडीवर किंवा हॉपकॉम्स या सहकारी संस्थेच्या दुकानात. महिन्याची खरेदी आणि फुले देवराज मार्केटात. त्याला लागून जाणारा सय्याजीराव रोड बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा आहे. मार्केटात सकाळी नऊच्या आत जा. म्हैसूर मल्लिगे, म्हणजे इथली मोगऱ्याच्या कुळातली फुले, मोळ म्हणजे हाताच्या मापाने विकतात, वजनाने नव्हे. विड्याची पाने, नंजनगूडचे रसबाळे केळे ही इथली मानाची पिके. रसबाळे दिसले तर सालीवर काळे ठिपके पडेपर्यंत थांबून खा, त्याआधी त्याला चव नसते.

वाणसामानात नावे बदलतात, आणि नाव बरोबर असले तरी प्रकार वेगळा हातात पडतो. पोहे म्हणजे अवलक्कि. नुसते ‘अवलक्कि’ म्हटले तर जाड, ‘गट्टि’ पोहे देतात; कांदेपोह्यांसाठी ते दहा मिनिटे भिजवूनही मध्ये टणक राहतात. ‘मीडियम’ असे सांगून मागा. चिवड्याला ‘पेपर अवलक्कि’. साबुदाणा म्हणजे सब्बक्कि, आणि त्यात मोठा धोका आहे: ‘नायलॉन’ नावाचा काचेसारखा दाणा खीर आणि पापडासाठी असतो, त्याची खिचडी केली तर लगदा होतो. हातात घेऊन बघा. पांढरा, अपारदर्शक दाणा हवा. शेंगदाणे ‘कडले बीज’, डाळवे ‘हुरिगडले’, गूळ ‘बेल्ल’, तूरडाळ ‘तोगरि बेळे’, घाण्याचे तेल ‘गाणद एण्णे’. गोडा मसाला घरी करणार असाल तर दगडफूल ‘कल्लु हूवु’ म्हणून मिळते आणि खसखस ‘गसगसे’. ‘मराठी मोग्गु’ नावाचा लवंगेसारखा मोठा मसाला दिसला की आपला समजून घेऊ नका. ती सावरीच्या जातीच्या झाडाची कळी आहे, बिसिबेळे भातात पडते. गोड्या मसाल्यात तिचे काम नाही.

ज्वारी इथे दुय्यम, राज्य नाचणीचे. तयार ज्वारीचे पीठ दुकानात पडून राहिलेले असते, चिकटपणा गेलेला असतो, भाकरी थापताना कडेने चिरते. ज्वारी धान्यरूपात घ्या आणि एका वेळी दोन-तीन किलोच दळा. गिरणीत जायची वेळ सांभाळा. दिवसभर नाचणी दळली जाते. तिच्यामागे लगेच गहू टाकला तर पहिले किलोभर पीठ करडे येते आणि पोळ्या काळपट होतात. सकाळी गिरणी उघडताच जा, किंवा कोणाचा गहू झाल्यावर आपला टाका, आणि गिरणीवाल्याला तसे आधी सांगून ठेवा. मिरची दळलेल्या चक्कीचे वेगळे सांगायला नकोच.

तांदूळ सोना मसूरी. आंबेमोहोर, इंद्रायणी गावाकडून आणा. दूध नंदिनीचे, निळी पिशवी टोन्ड. चहाला ती पुरते, साय-तुपासाठी जास्त स्निग्धांशाची पिशवी बूथवाल्याकडून मागून घ्या. डिसेंबर-जानेवारीत बाजार अवरेकायीने, म्हणजे पावट्याने भरतो. भिजवून साल काढलेल्या दाण्यांना ‘हितकिद बेळे’ म्हणतात आणि ते सोललेलेच विकत मिळतात. बिरड्याची उसळ करणाऱ्यांना यापेक्षा मोठी सोय नाही: नारळ, गूळ, आमसुलाऐवजी चिंच, आणि अर्ध्या तासात भाजी.

मुले, दवाखाना, पाऊस

शाळेचा विचार दोन टप्प्यांत करा. २०१५ च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे बंधनकारक झाले, त्यात सीबीएसई आणि आयसीएसई शाळाही आल्या. पहिली-दुसरीतले मूल सहज शिकते. सहावी-सातवीत आलेल्याला घरी शिकवणी लावावी लागते, आणि अशा मुलांना भाषेत कोणती सवलत मिळते हे प्रवेशाआधी शाळेकडून लेखी घ्या. दुसरा टप्पा अभियांत्रिकीचा. इथे अकरावी-बारावीला पीयूसी म्हणतात आणि सरकारी कोट्याच्या जागा केसीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेवर भरतात. त्यासाठी सर्वसाधारण अट आहे ती पहिली ते बारावीदरम्यान कर्नाटकात किमान सात वर्षे शिकल्याची, आणि दहावी किंवा बारावी इथूनच उत्तीर्ण झाल्याची. मूल आठवीत असताना आलात तर पाचच वर्षे भरतात. केंद्र सरकारी नोकर, सैन्यदल वगैरेंसाठी वेगळी कलमे आहेत, ती वाचा. पालकांना हे बारावीत कळते, तेव्हा उशीर झालेला असतो.

सरकारी दवाखान्यांत के. आर. हॉस्पिटल मोठे, बायका-मुलांसाठी चेलुवांबा, हृदयासाठी जयदेव. खाजगीत जेएसएस आहे. बोलणे किंवा ऐकण्याची अडचण असलेले मूल असेल तर मानसगंगोत्रीतली राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था देशातली अग्रणी आहे. तिथे नोंदणी सकाळी लवकर करावी लागते.

हवा सौम्य, समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर. पण पावसाचे वेळापत्रक आपले नव्हे. जुलैत नुसती भुरभुर. खरा पाऊस एप्रिल-मेच्या संध्याकाळी विजांसह आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. वाळवणे मार्चमध्ये आटपा. एप्रिलनंतर दुपारी चारला आभाळ भरते आणि गच्चीवरचे पापड भिजतात. वादळात मोठ्या झाडांच्या फांद्या तुटून वीज जाते, म्हणून जुन्या झाडाखाली गाडी लावू नका.

येणे-जाणे

बंगळूर १४० किलोमीटरच्या आसपास. रेल्वे सर्वांत निवांत. द्रुतगती मार्ग मार्च २०२३ मध्ये खुला झाला, पण त्याच्या मुख्य मार्गिकांवर दुचाकी आणि रिक्षांना १ ऑगस्ट २०२३ पासून बंदी आहे, त्यांनी बाजूच्या रस्त्याने जायचे. बंगळूर विमानतळासाठी म्हैसूरहून थेट फ्लायबस मिळते, शहरात शिरावे लागत नाही. कावेरीच्या पाण्यावरून आंदोलन पेटले, २०१६ आणि २०२३ च्या सप्टेंबरात पेटले तसे, की मंड्याजवळ रस्ता अडतो. त्या दिवसांत विमानाचे तिकीट असेल तर आदल्या रात्रीच निघा. उटी किंवा वायनाडला जाताना बंडीपूरचा जंगलरस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, आणि निलगिरी जिल्ह्यात शिरायला ई-पास लागतो.

शहरात बस चांगली आहे. चामुंडी डोंगरावर २०१ क्रमांकाची जाते. आषाढातल्या शुक्रवारी मात्र खाजगी गाड्या वर सोडत नाहीत, ललितमहालजवळ गाडी लावून तिथून बसने जायचे.

सण

उगादी आणि आपला पाडवा एकाच दिवशी. संक्रांतीला तिळगुळाऐवजी ‘एळ्ळु-बेल्ल’: तीळ, गूळ, सुके खोबरे, शेंगदाणे आणि डाळवे यांचे मिश्रण, सोबत उसाचा तुकडा. देताना म्हणतात ‘एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि’, तीळगूळ खाऊन चांगले बोला. तुमच्या तिळाच्या वड्या त्याच ताटात ठेवून शेजारी द्या.

गौरीचा मात्र घोटाळा होतो. इथली गौरी गणपतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे आपल्या हरतालिकेला बसते. बाजारात गौरीच्या मूर्ती तोवरच दिसतात. आपल्या ज्येष्ठा गौरींच्या वेळी काहीही मिळत नाही. मुखवटे गावाकडून आणून ठेवा आणि फुले-पत्री गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशीच घ्या. श्रावणी पौर्णिमेआधीच्या शुक्रवारी वरमहालक्ष्मी असते, त्या आठवड्यात फुलांचे भाव कित्येक पट चढतात. मंगळागौर त्याच आठवड्यात येत असेल तर फुलवालीला आधी सांगून ठेवलेले बरे.

दसऱ्याला पाहुणे येणारच. विजयादशमीची जंबू सवारी, म्हणजे हत्तींची मिरवणूक, राजवाड्यापासून बन्निमंटपापर्यंत जाते, साधारण पाच किलोमीटर. बन्नि म्हणजे शमी, आपल्या आपट्याऐवजी इथे तिचा मान. अंबारी ७५० किलोची. त्या दिवशी सकाळपासून मध्यवर्ती रस्ते बंद होतात, म्हणून पाहुण्यांना घेऊन सकाळी दहाच्या आत सय्याजीराव रोडच्या कडेला जागा धरा, पाणी आणि डोक्याला टोपी सोबत ठेवा, आणि परतीला चालायची तयारी ठेवा. ज्यांना गर्दी नको त्यांना इतर कोणत्याही रविवारी संध्याकाळी राजवाड्याची रोषणाई दाखवा. सातला दिवे लागतात आणि पाऊण तासाने मालवतात.

त्या दिवसांत गावाकडची तिकिटे आधीच संपतात. पंढरपूर-सोलापूरकडे जाणारी गोलगुंबज एक्स्प्रेस रोजची आहे. हुबळी, बेळगाव, मिरज, पुणे या मार्गाची अजमेर एक्स्प्रेस आठवड्यातून दोनदा आणि दादरची शरावती एक्स्प्रेस साप्ताहिक. यात जागा नसेल तर बंगळूरहून सोलापूर-पुणे मार्गे मुंबईला जाणारी उद्यान एक्स्प्रेस पाहा. मात्र म्हैसूरची गाडी आणि उद्यान यांच्यामध्ये किमान दोन तास ठेवा.